मी एक जुलैचीच, काका

नाफडे काका, माझा पहिला अर्ज तुम्ही लिहून दिला होता. दुसरा मी लिहिला आणि तुम्ही त्यातल्या सात चुका काढल्यात. मला इकडे कोइंबतूरला पाठवताना डब्यात चढून माझी पेटी सीटखाली ढकलणारे तुम्हीच, आणि ढकलता ढकलता गाडी सुटली म्हणून विनातिकीट पुढच्या स्टेशनापर्यंत आलेलेही तुम्हीच. "शाळेचा माणूस आहे मी, चेकरला सांगेन ड्यूटीवर आहे," म्हणालात, आणि चेकर दिसल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन उभे राहिलात. मी रडत होते, तरी हसले.

हे आधी लिहून घेते, कारण पुढचं वाक्य एकदा लिहिलं की मग मला नीट काही लिहिता येणार नाही.

तुम्ही गेलात.

मंगळवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये होते. वॉर्डांतून आलेल्या चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे वेगळे करायचे आणि रजिस्टरमध्ये चढवायचे, हे माझं काम तुम्हाला माहीत आहे. "शेवटी कारकूनच झालीस," असं तुम्ही फोनवर म्हणायचात तेव्हा तुमची छाती फुगलेली मला इथून दिसायची. फोन वाजला. नंबर अनोळखी. आवाज ओळखीचा, पण साडेचार वर्षं न ऐकलेला.

"वैशाली? मैं नजमा. बाबूजी नहीं रहे."

धुलाईचं मशीन चालू होतं. मी ओरडून विचारलं, काय? ते तिनं परत सांगितलं नाही. मला ऐकू आलंय हे तिला कळलं होतं. मग म्हणाली, "पर्चा तू लिखेगी कि नहीं, ये बाद में बता देना. अभी रखती हूँ, काकी अकेली हैं."

पर्चा म्हणजे तिचा दहावीचा पेपर. त्याच्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं होतं, काका. तिथे येते.

तुम्ही गेलात तेव्हा नजमा तुमच्यासमोरच बसली होती, हे आईनं संध्याकाळी सांगितलं. शाळेच्या दफ्तरात, म्हणजे ऑफिसात, मी बसायचे त्याच बाकावर. डाव्या हातानं एक ओळ पुरी करून तिनं वही पुढे केली आणि म्हणाली, "बाबूजी, देखो, आज लाइन सीधी है." तुम्ही वर पाहिलं नाही. चष्मा नाकावर, हातात फॉर्मची गड्डी. तिला वाटलं, बाबूजी मुद्दाम भाव खातायत. म्हणून तिनं आणखी एक ओळ लिहिली. काका, अख्खी एक ओळ, डाव्या हातानं. तिला किती वेळ लागत असेल! तेवढा वेळ तुम्ही गेलेले होतात आणि ती तुमच्यासाठी लिहीत होती.

उज्जैनला यायला मला इथून दोन दिवस लागतात. मी पोचेपर्यंत लोक चक्रतीर्थाच्या स्मशानातून घरी जाऊन आंघोळीही करून बसले असते. म्हणून मी निघाले नाही, असं मी आईला सांगितलं, काकूंना सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. मी घाबरले. तिथे नजमा असेल, म्हणून घाबरले.

मी भित्री आहे हे तुम्हाला नवं नाही. तुम्हीच म्हणायचात, "ही पोरगी कुलूप लावून तीनदा ओढते आणि चौथ्यांदा माझ्याकडून ओढवून घेते."

पहिल्यांदा तुमच्या खिडकीशी आले तेव्हा मी खिडकीपेक्षा बुटकी होते. बाबा मूळचे भुसावळकडचे, नानाखेड्याच्या स्टँडवर एका बसवाल्याकडे तिकिटं फाडायचे. शाळेत नाव घालायला ते मला घेऊन आले. तुम्ही ते जाड रजिस्टर उघडलंत आणि विचारलंत, जन्मतारीख? बाबा म्हणाले, "दिवाळीच्या आगेमागे कधीतरी. हिच्या आईला ठाऊक." आई पोळ्या लाटायला लोकांच्या घरी गेलेली. तुम्ही म्हणालात, "राहू द्या," आणि लिहून टाकलंत, एक जुलै. सालही पुढचं घातलंत. वय थोडं कमी लागलेलं असलं की पुढे नोकरीत पोरीच्या कामी येईल, हे तुमचं गणित. आमच्याकडच्या सगळ्या शाळांतल्या सगळ्या बाबूंचं तेच गणित. तेव्हा शाळा एक जुलैला उघडायची, म्हणून ज्याची तारीख कुणालाच माहीत नाही तो एक जुलैला जन्मला.

निम्मी शाळा एक जुलैची होती. त्या दिवशी तुमच्या टेबलावर संत्र्याच्या गोळ्यांची बरणी असायची आणि दफ्तराच्या खिडकीपासून पाण्याच्या नळापर्यंत रांग. "या, माझ्या एक जुलैवाल्यांनो!" हेडमास्तर एकदा वैतागून म्हणाले, "नाफडेजी, ये जन्मदिन है कि राशन की लाइन?" तुम्ही बरणीचं झाकण फिरवत म्हणालात, "सर, जिनकी तारीख किसी को याद नहीं, उनको मैंने दी. एक गोली तो बनती है."

त्या रांगेत माझ्यापुढे नजमा असायची. भैरवगढच्या कापड-छपाईवाल्यांची मुलगी. घरी ठप्पे मारून मारून तिची बोटं कायम लाल-निळी. गोळी घ्यायला हात पुढे केला की तुम्ही म्हणायचात, "हात धो के आ, नहीं तो गोली भी छप जाएगी." ती तस्साच हात पुढे करून उभी राहायची. शेवटी तुम्हीच हरायचात. कागदावर आम्ही दोघी जुळ्या होतो. तेच साल, तीच तारीख, तेच अक्षर.

दहावीत, सहामाहीच्या आधी, बाबांना लकवा झाला. आई चार घरच्या पोळ्या करायची ती आठ घरी जायला लागली आणि मी बाबांजवळ घरी राहिले. नजमालाही त्याच वर्षी घरी बसवली, छपाईला हात कमी पडत होते. रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याचं कारण असा एक रकाना असतो. दुसरा कुणी असता तर आमच्या दोघींपुढे "पारिवारिक कारण" लिहून मोकळा झाला असता. तुम्ही तो रकाना कोरा ठेवलात. माझ्या आईला म्हणालात, "वहिनी, ज्याचं कारण त्यानं येऊन सांगावं. तोपर्यंत माझ्या हिशेबी पोरी रजेवर आहेत."

वर्षभर आम्ही रजेवर होतो. मग जानेवारीत स्टँडवर एक माणूस फिरायला लागला. दक्षिणेत सुताची गिरणी, राहणं-जेवण तिकडचंच, मुली पाहिजेत. अठरा पूर्ण असल्याचा शाळेचा दाखला पाहिजे. नजमालाही ते कळलं. कागदावर आम्ही साडेसतराच्या. दोघी तुमच्या खिडकीशी आलो.

तो दिवस तुम्ही कधी पुन्हा काढला नाहीत. मी रोज काढते.

मी म्हटलं, "काका, फक्त सालाचा एक आकडा. एका रेघेचं काम आहे."

"नाही होणार."

"तारीख तुम्हीच तर घातली होती. मनानं!"

"मनानं घातली," तुम्ही म्हणालात, "पण शाईनं घातली ना बेटा. शाईनं लिहिलं की ते माझं राहत नाही. सहा महिने थांबा दोघी. एक जुलैला मी स्वतः दाखला हातात देतो, गोळीसकट."

नजमा म्हणाली, "बाबूजी, छह महीने में तो गाड़ी निकल जाएगी."

"दूसरी आएगी. गाड़ियों का क्या है."

आणि मग मी ते बोलले. तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही म्हणून दुसऱ्यांची लेकरं अडवून ठेवता, असं बोलले. दफ्तरात दोन शिक्षक होते, पाणी भरणारे भैया होते. तुम्ही रजिस्टर बंद केलंत. टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलंत, पुन्हा काढलंत, पुन्हा लावलंत. एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर मी त्याच दिवशी माफी मागितली असती. साडेचार वर्षं झाली, काका. आता कुणाकडे मागू?

नजमानं कुठून तरी खोटा दाखला करून आणला. वीस वर्षांची झाली ती त्या कागदावर. मलाही ती चल म्हणत होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही स्कूटर घेऊन आमच्या नानाखेड्याच्या घरी आलात. बाबांच्या खाटेशी बसलात. आईला म्हणालात, "मला सहा महिने द्या. ही दफ्तरात येऊन बसेल, काम शिकेल. जुलैत मी हिला चांगल्या ठिकाणी लावतो. नाही लावली तर माझ्या नावाची चप्पल दाराबाहेर ठेवा." आई हसली नाही, पण हो म्हणाली. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मला जायचंच नव्हतं. फक्त "नाही" म्हणायची हिंमत नव्हती. ती तुम्ही माझ्याऐवजी केलीत.

भैरवगढला तुम्ही सोमवारी गेलात. नजमा रविवारच्या गाडीनं गेली होती.

हा प्रश्न मी तुम्हाला एकदाच विचारला. आधी माझ्याकडे का आलात? मी मराठी म्हणून? माझी आई तुमची भाषा बोलते म्हणून? तुम्ही किती तरी वेळ चष्म्याची काच पुसत होतात. म्हणालात, "शाळेपासून नानाखेडा जवळ पडतं. स्कूटरमध्ये पेट्रोल कमी होतं." मग म्हणालात, "असं मी स्वतःला सांगतो."

जवळ पडले म्हणून मी वाचले, काका. एवढंच माझं कर्तृत्व.

त्या सहा महिन्यांमुळेच मी आज जी काही आहे ती आहे. खिडकीखालच्या बाकावर मला बसवलंत. ज्यांना लिहिता येत नाही असे आई-बाप यायचे, कुणाला फी माफ करून हवी, कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचा मुलगा नापास. त्यांचे अर्ज मी लिहायचे. पहिल्याच अर्जात मी अर्ध्या पानभर दुःख लिहिलं होतं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "अगं, ही फी माफी मागून राहिली की अंत्ययात्रा काढून राहिली? अर्जात रडायचं नाही. आधी काम सांग, मग कारण, मग सही. साहेब दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचत नाही."

आणि दुसरा नियम. ज्याचा अर्ज त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो म्हणाला तेवढंच लिहायचं, तो न म्हणालेलं एक अक्षर नाही. "लिहिणाऱ्यानं आपलं शहाणपण चपलेबरोबर बाहेर ठेवावं," असं म्हणायचात. मी म्हटलं, "आणि तुम्ही आम्हाला तारखा वाटल्यात त्या?" तुम्ही म्हणालात, "तेच तर. आमच्या घराण्यात सात पिढ्या कारकुनी. शिंद्यांच्या दरबारात पणजोबांचे पणजोबा हेच करत होते, तरक्की एवढीच की माझ्या डोक्यावर पंखा विजेचा आहे. सात पिढ्यांत कुणी मनानं लिहिलं नसेल तेवढं मी एकट्यानं लिहिलं."

तेव्हा मी हसले. तुम्ही हसला नव्हतात, ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

मे महिन्यात नजमा परत आली. उजव्या हाताची तीन बोटं गिरणीत राहिली. ज्या हातानं ती ठप्पा मारायची तो हात. गिरणीवाल्यांनी कागद बघितले. कागदावरची मुलगी वीस वर्षांची, बापाचं नावही भलतंच. ही आमची नाहीच म्हणाले. पट्टी बांधून जनरलच्या डब्यात बसवून दिली. हे तुम्ही मला सांगितलंत, दफ्तराची खिडकी लावून घेऊन. भर दुपारी ती खिडकी बंद झालेली मी पहिल्यांदा बघितली. बाहेर कुणीतरी ठोठावत होतं, "बाबूजी, ओ बाबूजी." तुम्ही उठला नाहीत.

"मी सोमवारी गेलो," एवढंच म्हणालात. "रविवारी मला काय काम होतं? घरी आंबा चिरत बसलो होतो मी." जानेवारीत आंबे कुठले, काका.

मी तिला भेटायला गेले होते, हे तुम्हाला माहीत नसेल. टेम्पोतून भैरवगढला उतरले. त्यांच्या गल्लीत दोऱ्यांवर ओल्या चादरी होत्या आणि आतून ठप्प, ठप्प असा आवाज येत होता. तिचा भाऊ छापत असेल. मी तिच्या दारापर्यंत गेले नाही. एका चादरीआड उभी राहिले आणि परत आले.

एक जुलैला तुम्ही मला दाखला दिलात. गोळीसकट. तुमची एक जुनी विद्यार्थिनी इथे नर्स आहे, तिच्या ओळखीनं ही जागा मिळाली, खऱ्या कागदांवर, खऱ्या सहीवर. मी निघताना तुम्ही कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलंत, "काय लिहू?" मी म्हटलं, "काहीही लिहा." तुम्ही रजिस्टर मिटलंत. "काहीही लिहिणं मी सोडलं आहे."

मग दर एक जुलैला तुमचा फोन. "जन्मदिनाच्या शुभेच्छा, आणि खरी तारीख सापडली का?" दर वर्षी हाच प्रश्न. दर वर्षी मी म्हटलं, "नाही."

खोटं म्हटलं. दुसऱ्या वर्षीच सापडली होती. आईनं पेटी आवरताना माझं लसीचं कार्ड निघालं, पिवळं, घडीवर फाटलेलं. तिनं फोटो पाठवला. मी कार्तिकातली आहे, काका. त्याच्या आधीच्या सालातली. म्हणजे तुमच्या खिडकीशी उभी राहून मी भांडत होते त्या दिवशी मला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तुम्ही ज्या तारखेसाठी मला अडवलंत ती तारीख चूक होती.

आधी मला राग आला. फोटो तुम्हाला पाठवायला काढला. खाली लिहिलं, "बघा तुमची शाई." मग माझा हात दिसला मला, फोन धरलेला. पाच बोटं. तुम्ही शाळेत नाव घालताना खरी तारीख लिहिली असती तर मी रविवारच्या गाडीत नजमाशेजारी बसले असते. मी तो मेसेज पुसला. सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? खूश झाला असतात की नजमाच्या तारखेचा विचार करत बसला असतात? तिचीही चूकच असेल. हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी दर वर्षी "नाही" म्हणत राहिले. तुम्ही मला एक जुलैची समजूनच गेलात.

आता शेवटचं भांडण.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी, तुमचा फोन. "डिसेंबरात नजमाचा दहावीचा पर्चा आहे, ओपन स्कूलचा. डावा हात चालतो, पण वेगानं नाही. लेखक पाहिजे. ती बोलेल, तो लिहील."

मी म्हटलं, "तिथलीच एखादी मुलगी बघा ना."

"ती तुझंच नाव घेऊन राहिली."

"मला सुट्टी नाही मिळत, काका."

"अर्ज दिलास?"

"नाही."

"मग नाही मिळत हे कुणी सांगितलं? ऐक तर सही. नियम असा आहे की लेखक परीक्षा देणाऱ्याच्या खालच्या वर्गातला पाहिजे. तू नववी पास. बघ, पहिल्यांदा तुझी नववी कुणाच्या कामी येऊन राहिली. आधी तिचा पर्चा लिही, मग पुढल्या साली तुझा स्वतःचा दे. उलटं केलंस तर बाद होशील."

तुम्ही थट्टेनं म्हणालात. मला ती लागली, किंवा लागल्यासारखं मी केलं, कारण मला फोन ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. "माझ्या नववीची चेष्टा करू नका," म्हटलं आणि ठेवला. दुपारी तुम्ही फॉर्मचा फोटो पाठवलात. लेखकाच्या जागी माझं नाव, पेन्सिलनं. खाली तुमचा मेसेज: "कच्चं घातलंय. शाई तू आल्यावर."

मी उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा तुम्हाला दिसल्या असतील.

मंगळवारी तुमच्या हातात जी गड्डी होती, त्यात तो फॉर्म होता. आईनं विचारलं नजमाला. सगळ्यात वरच होता, म्हणे.

काका, वर मी एक वाक्य खोटं लिहिलं आहे. "नजमालाही ते कळलं", असं. तिला ते आपोआप कळलं नव्हतं. स्टँडवरच्या त्या माणसानं नंबर मला दिला होता. मला एकटीनं जायची भीती वाटली, म्हणून मी तो नजमाला दिला. तिला म्हटलं, तू आलीस तर मी येईन. मग मी राहिले आणि ती गेली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत होतं का? मला आता वाटतं, होतं. नाहीतर तुम्ही चार वर्षांत एकदा तरी विचारलं असतंत की भैरवगढच्या मुलीपर्यंत नानाखेड्याच्या स्टँडवरची खबर कशी पोचली. तुम्ही विचारलं नाहीत. ज्याचं कारण त्यानं येऊन सांगावं. तुम्ही रकाना कोरा ठेवून वाट बघत होतात, आणि तुमच्या सोमवाराचं ओझं तुम्ही एकट्यानंच घेतलंत. त्यातलं अर्धं माझं होतं. मी ते तुमच्याकडून घ्यायला पाहिजे होतं. तुम्ही जिवंत असताना.

काल मी सुपरवायझरबाईंना अर्ज दिला. इंग्रजी मला जमेल तेवढंच. आधी काम: डिसेंबरात दहा दिवस रजा पाहिजे. मग कारण: मैत्रिणीचा पेपर लिहायचा आहे. मग सही. रडले नाही. बाईंनी दुसरी ओळ वाचली आणि विचारलं, "हे काय कारण?" मी म्हटलं, "हेच कारण आहे, मॅडम." त्यांनी अजून सही केलेली नाही. नाही केली तरी मी निघणार आहे.

उतरल्यावर आधी भैरवगढ, मग घर. जवळ काय पडतं ते या वेळी बघणार नाही. पर्च्याच्या आधी नजमाला सगळं सांगीन, मोठ्यानं, अर्ज वाचून दाखवतात तसं. नंबर मी दिला होता हे सांगीन. त्यावर ती म्हणेल, निघ इथून, तर मी बाहेर पायरीवर बसेन, तिचा पेपर संपेपर्यंत. ती म्हणाली, लिख, तर लिहीन. ती म्हणेल तेवढंच. तिचं चुकत असेल तरी माझं शहाणपण एक अक्षर घालणार नाही.

मग पुढल्या वर्षी माझी दहावी. जन्मतारखेच्या जागी तुम्ही दिलेलीच तारीख घालीन. कार्ड पेटीत राहील.

तुमच्या जागी आता कुणी नवा बाबू येईल. त्याच्याकडून मी ते रजिस्टर मागून घेईन, माझ्या नावासमोरचा रकाना अजून कोरा असेल तर काय लिहायचं ते त्याला स्वतः सांगीन. आणि तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते फेडीन, काका. एका डिसेंबरात फिटायचं नाही ते, माहीत आहे मला. पण सुरुवात त्या फॉर्मपासून करते. पेन्सिल फार पुसट व्हायच्या आत मी येते आहे. शाई मी बरोबर आणते आहे.